नख लावायला जागा

पांढरकवडा,
१६ नोव्हेंबर २०२४

चि. सलील,

जयभीम आणि आशीर्वाद. आम्ही दोघं इथं बरे आहोत. थंडी पडू लागली आहे, कापसाच्या गाड्या रात्रंदिवस चालू आहेत आणि गॅरेजात हाताला फुरसत नाही. तू पुण्यात वेळेवर जेवतोस की नाही, असं तुझी इंदूकाकू विचारते. मी तिला सांगितलं, पोरगं नोकरीला लागलं की जेवतंच. तिला पटलेलं नाही.

तुझं पत्र मिळालं. त्यात तू लिहिलंस, "काका, एवढंसं फट् झालं, नुकसान काहीच नाही." तेव्हा आधी त्या काहीच नाहीचा हिशेब मांडतो. एअर फिल्टरचा डबा तडकला. इनटेकचा, म्हणजे इंजिनात हवा नेणारा, रबरी पाइप क्लॅम्पसकट उडाला, आणि त्या जुन्या एस्टीम गाडीचा पाइप आता नवा मिळत नाही, नागपूरच्या भंगारात शोधावा लागेल. तुझ्या उजव्या भुवईचे केस गेले. हे तू लिहिलं नाहीस, तुझ्या आईकडून कळलं. आईची झोप गेली, ती अजून परत आलेली नाही. आणि तुझं पत्र खिशात घेऊन कामाला बसलो तर एका ट्रकच्या हेडलाइटला मी इंडिकेटरची लाइन जोडली. तो ड्रायव्हर वणीपर्यंत समोरच्या गाड्यांना डोळे मारत गेला. परत येऊन त्यानं मला जे ऐकवलं ते पत्रात लिहिता येणार नाही. एवढं सगळं वजा केल्यावर मग काहीच नाही उरतं, ते कबूल.

फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू "हो काका, हो काका" म्हणतोस आणि तुझं अर्धं लक्ष दुसरीकडं असतं, ते मला इथं ऐकू येतं. कागद तुला बसून वाचावा लागेल.

तुमची चूक कुठं झाली, ते तुझ्या एका शब्दावरून कळलं. तू लिहिलंस, बटणाची लाइन "डायरेक्ट" आहे. बेटा, हा शब्द तुझ्या कॉलेजातला नाही, माझ्या गॅरेजातला आहे. हायवेवर रात्र काढणाऱ्या ड्रायव्हरला इंजिन बंद करून पंखा पाहिजे, गाणी पाहिजेत, फोटोसमोरचा लाल दिवा पाहिजे. म्हणून आम्ही सगळं बॅटरीवरून डायरेक्ट देतो, चावीला विचारतच नाही. मी क्लीनर म्हणून ट्रकवर चढलो तेव्हापासून हेच पाहिलं आणि मिस्त्री झाल्यावर हेच केलं. ट्रकमध्ये त्यानं फार तर सकाळी बॅटरी उतरते. मग चार जण धक्का मारतात, एक जण शिव्या देतो आणि गाडी निघते.

निट्रसचं तसं नाही. काल इंदूला मी समजावून सांगत होतो. बाटलीतला गॅस इंजिनात सोडला की आगीला जादा हवा मिळते, जोडीला जादा पेट्रोल दिलं की गाडी थोडा वेळ भलताच जोर करते. ती म्हणाली, म्हणजे पेटल्या चुलीत राकेल. म्हटलं, हाव, पण मापानं आणि चूल पेटली असतानाच. तुझी चूल बंद होती. चावी बंद, इंजिन बंद, तरी पॅडलखालचं बटण जिवंत. मित्रांना व्हॉल्व्हचा टकटक आवाज ऐकवायला तू पॅडल तळापर्यंत दाबलंस. गॅसचा आणि पेट्रोलचा, दोन्ही व्हॉल्व्ह उघडले. ओढून घ्यायला इंजिन फिरत नव्हतं, म्हणून सगळं इनटेकमध्ये साचून राहिलं. मग मित्राला चावी मारायला सांगून तू बॉनेटखाली वाकलास. जे आत पेटायचं ते बाहेरच पेटलं. बाटली संपत आली होती म्हणून फट् झालं. भरलेली असती तर हे पत्र मला तुझ्या आईला लिहावं लागलं असतं.

तू आणि अश्वजित, तुम्ही दोघं पोट्टे माझ्याच बाकावर बसून शिकलात. ज्या हातानं ती लाइन ओढली, त्या हाताला दुसरं काही ठाऊक नव्हतं. तेव्हा दोष कोणाला द्यायचा नाही, लाइन बदलायची.

आणि आवाज लहान होता म्हणून गोष्ट लहान होती, हे निदान मला तरी सांगू नकोस. आवाज हा माझा धंदा आहे. गाडी गेटमधून आत यायच्या आधी मी अल्टरनेटरचं बेअरिंग गेलं की बेल्ट सैल आहे ते सांगतो. शेजारच्या बळीरामचं पंक्चरचं दुकान अर्धं माझ्या कानावर चालतं, हे तू पाहिलं आहेस. वळणावर टायर फुटला की मी खुर्चीतूनच ओरडतो, "बळीराम, मागचा, आतला, भरलेली गाडी." तेवढ्यावर तो जॅक निवडतो आणि निघतो. ड्रायव्हर खाली उतरून फोन शोधतो तर समोर माणूस जॅक घेऊन हजर. हैदराबादच्या ड्रायव्हरांना वाटतं ही काही जादू आहे. जिल्ह्यात असा कान दुसरा नाही आणि आजवर तो चुकलेला नाही. घरच्या मोटरसायकलचा आवाज तर मला पुलावरूनच यायचा. मी नुसतं "आला" म्हणायचो आणि इंदू तवा ठेवायची.

तुझ्या आईचा फोन आला होता. सुचित्रावहिनी बोलायला मोजून मापून, तुमच्या घराची रीतच ती. आधी तब्येत विचारली, कापसाचा भाव विचारला, तो त्यांना कशाला पाहिजे कोण जाणे. मग म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही त्याला सांगा की गाडी होत नाही. तुमचं ऐकेल तो. मला एकच आहे हो, भाऊ." आणि मग एकदम परत कापसाच्या भावावर गेल्या. काय बोलून गेले ते त्यांच्या लक्षात आलं असावं. मी म्हटलं, वहिनी, राहू द्या, मी पाहतो.

खरं सांगतो, नाही म्हणणं मला सोपं होतं. पण मी नाही म्हटलं तर तू तिकडं कोणाकडून तरी करून घेशील, आणि जानेवारीअखेरच्या शर्यतीला त्या धावपट्टीवर पळवशीलच. दारावर अश्वजितचं नाव रंगवणार आहेस असं लिहिलंस. माझ्या पोराला जाऊन फेब्रुवारीत वर्ष होईल. तीन वर्षं तुम्ही दोघं माझ्या शेडमध्ये त्या गाडीखाली पाय बाहेर काढून पडलेले असायचात, आणि कोणते पाय कोणाचे ते इंदू चपलांवरून ओळखायची. त्याचं नाव असलेल्या गाडीची वायरिंग दुसऱ्या कोणी करायची नाही.

त्या दिवशी नेमकं काय झालं, बळीरामकाका विषय बदलतात, असं तू विचारलंस. अपघात झाला, ट्रकनं मागून दिली, ते तुला माहीत आहे. बळीरामला बोलायचं नसतं म्हणून तो विषय बदलतो. आपण आधी गाडीचं पाहू.

बाटली उतरवून घरी ठेव, उन्हात नको. गाडी टेम्पोवर चढवून पाठव, चालवत आणू नकोस.

तुझा,
नागोकाका


पांढरकवडा,
१५ डिसेंबर २०२४

चि. सलील,

जयभीम. गाडी तयार आहे. तुला सुट्टीत न्यायची आहे म्हणालास, तर ये आणि ने. मुक्कामाला ये. काकूनं तुझ्यासाठी आतापासून दोनदा पातोड्या करून पाहिल्या, दोन्ही वेळा मी आणि बळीरामनं खाल्ल्या.

आता नीट वाच. बॅटरीपासून जाड लाइन घेतली, तिला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज दिला, म्हणजे पुढं कुठं तार घासली तरी आग लागायच्या आधी फ्यूज जाईल. दोन्ही व्हॉल्व्हचा भार रिलेवर, म्हणजे विजेनं जुळणाऱ्या जाड स्विचवर आहे. तुझ्या बटणातून फक्त रिलेला जागं करण्यापुरती वीज जाते. तुम्ही सगळा भार त्या नखाएवढ्या बटणावर टाकला होता, ते आतून काळं पडलं होतं.

रिलेला जागं करणारी वीज मी बॅटरीवरून घेतली नाही, नुसत्या चावीवरूनही नाही. पेट्रोलच्या पंपाच्या लाइनवरून घेतली. इंजिन बंद पडलं की ती लाइन आपोआप मरते. आता इंजिन बंद ठेवून तू मित्रांसमोर दिवसभर पॅडल दाबत बस, टक आवाज येणार नाही. मित्रांना दुसरं काही ऐकव.

पॅडल पूर्ण तळाला टेकल्याशिवाय एक स्विच जुळत नाही. इंजिनाच्या फेऱ्या ठरल्यापेक्षा कमी असल्या तर दुसरा जुळत नाही. आणि एक तिसरा, बोटभर लांबीचा, पेट्रोलच्या पाइपवर बसवला आहे. पेट्रोलचा दाब उतरला की तो रिलेची अर्थिंगची तार तोडतो आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटतात. तुमच्या किटच्या डब्यात तो नवाकोरा पडला होता, पिशवीही फोडलेली नव्हती. हा स्विच सगळ्यात महत्त्वाचा. बाकीचे तुला थांबवतात, हा तुला सांभाळतो. अर्थच्या तारा रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर घट्ट केल्या आहेत. प्लगच्या तारांपासून आणि सायलेन्सरपासून सगळं लांब ठेवलं आहे. बाटलीचा फुटका व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला तर जिथून गॅस सुटतो तो, पाइप लावून गाडीबाहेर काढला आहे. पूर्वी तो तुझ्या मानेमागं सुटला असता.

कामाला मला इतके दिवस का लागले, असं तू बळीरामला फोनवर विचारलंस. मला का नाही विचारलंस. सांगतो.

जुनी वायरिंग काढायची होती. तुला आठवत असेल, मी बाकावर शिकवायचो की जोडावर टेप गुंडाळून झाला की शेवटचं टोक थोडं दुमडून ठेवायचं. पुढं कधी कोणाला तो जोड उघडायचा असला तर त्याला नख लावायला जागा पाहिजे. नाहीतर तो माणूस ब्लेड घेतो आणि तार चिरतो. तू हे कधी केलं नाहीस. तुझे जोड पाहिले, आंघोळीच्या साबणासारखे गुळगुळीत, एकालाही टोक नाही. पण डॅशबोर्डच्या मागं, इंजिनाकडच्या आडव्या पत्र्याच्या, फायरवॉलच्या आत, जिथं हात घालायला मनगट सोलतं, तिथल्या प्रत्येक जोडाला टोक दुमडलेलं होतं. सगळ्यांना. जिथं कोणी पाहणार नाही तिथंसुद्धा.

डायरेक्ट लाइन त्याचीच होती. ती काढायचीच होती. एक जोड उघडायचा, मग बाहेर येऊन बसायचं. टेप इतक्या सहज सुटत होता, बेटा. त्यानं जागाच ठेवली होती.

इंदूनं ती लाल तार भंगारात टाकू दिली नाही. गुंडाळून कपाटात साड्यांखाली ठेवली. मी म्हटलं, कायले ठेवते, जळलेली आहे. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही करा. मले माहं करू द्या." दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये गेलो तर ती गाडीत बसली होती. ड्रायव्हरच्या बाजूला नाही, शेजारच्या सीटवर. मला पाहून पदर सावरून उतरली आणि म्हणाली, सीटवर लई धूळ आहे. मी सीट पुसली. ती पुसलेलीच होती.

परवा वळणावर टायर फुटला. तू विचारशील कोणता. मी काही ओरडलो नाही, घसा बसला होता. बळीराम आपणच उठला, रस्त्यापर्यंत जाऊन डोळ्यांवर हात धरून पाहून आला, मग जॅक घेऊन गेला. पूर्वी तो असा पाहायला जात नसे. आताशा जातो.

तुला दोन गोष्टी बजावतो. बाटलीची चावी लाइनीत उभं राहिल्यावर उघडायची आणि पळवून झालं की पहिली ती बंद करायची. आणि रस्त्यावर एकदासुद्धा नाही. फक्त बंद धावपट्टीवर. आपल्या इथल्या रस्त्यावर कोण कुठून येईल सांगता येत नाही.

सुचित्रावहिनींना मी फोन करून सांगितलं की गाडी झाली, पण आता ती तुमच्या पोराचं ऐकणार नाही, माझंच ऐकेल. त्या थोड्या हसल्या. चांगलं वाटलं.

तुझा,
नागोकाका


पांढरकवडा,
१६ जानेवारी २०२५

सलील बेटा,

जयभीम. तुमच्याकडं संक्रांतीचा तिळगूळ झाला असेल. इकडं बळीरामच्या घरून आला, काकूनं तुझा वाटा डब्यात बाजूला काढला आहे.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोन वेळा धावपट्टीवर गाडी सोडलीस आणि दोन्ही वेळा मधेच तिचा जोर गेला, जणू मागून कोणी कॉलर धरली. तो बोटभर स्विच नडतो आहे असं तू शोधून काढलंस. बरोबर शोधलंस. आता तू म्हणतोस, काका, त्या स्विचला बाजूनं तार जोडून जम्पर मारून टाकू, शर्यत झाली की पुन्हा लावू. पुढं तू लिहिलंस, "तुम्ही धावपट्टीच्या कडेला उभे राहा. इंजिन बिघडतंय असं वाटलं की हात करा, मी पाय काढीन. तुमच्या कानापुढं त्या स्विचची काय गोष्ट." आणि वर माझ्याच पहिल्या पत्रातली ओळ मला लिहून पाठवलीस, की आजवर तो चुकलेला नाही.

आधी गाडीचं सांगतो. दोष स्विचचा नाही, तुझा पंप थकला आहे. साध्या चालण्याला तो पुरतो, पण दोन्ही व्हॉल्व्ह उघडले की इतकं पेट्रोल त्याला उचलवत नाही आणि दाब पडतो. स्विचला ते दिसलं, त्यानं लाइन तोडली. जम्पर मारला असतास तर गॅस येत राहिला असता आणि पेट्रोल कमी पडलं असतं, आणि पिस्टनचं डोकं मेणासारखं वितळलं असतं. शंभरच्या वर वेगात इंजिन जाम झालं की गाडी कुठं जाते ते तुझ्या हातात राहत नाही. जादा ताकदीचा पंप टाक आणि नवा फिल्टर टाक. मग त्याच स्विचसकट पळव, मधे कोणी कॉलर धरणार नाही. आणि तरीही धरली, तर परत ये. शर्यत पुढच्या वर्षी असते.

हात करून मी तुला वाचवीन हे डोक्यातून काढ. पेट्रोल कमी पडल्यावर इंजिन आवाज करतं हे खरं. पण आवाज येतो तो झाल्यावरच येतो. मला ऐकू येईपर्यंत, मी हात वर करीपर्यंत, तुला तो दिसेपर्यंत, जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

एवढं लिहून पत्र बंद करणार होतो. पण तू ऐकणार नाहीस. तुला वाटेल म्हातारा घाबरला, आणि माझ्या कानावरचा तुझा भरवसा तसाच राहील, आणि धावपट्टीवर जाऊन तू गुपचूप दोन तारा जोडशील. तुम्ही दोघं सारखेच. म्हणून आता ते सांगतो, जे तू नोव्हेंबरात विचारलं होतंस.

त्या संध्याकाळी अश्वजित आईची विजेची स्कूटी घेऊन बाजारात गेला होता. त्याची मोटरसायकल माझ्यासमोर स्टँडवर उभी होती. त्यामुळं माझ्या कानाला कोणाचीच वाट पाहायची नव्हती. आणि विजेच्या गाडीला आवाज नसतो, ती पुलावरून आली काय आणि दारात आली काय. मी खुर्चीत बसून एक अल्टरनेटर उघडत होतो. बळीराम त्याच्या दुकानासमोर उकिडवा बसला होता. दिवस अजून होता.

वळणावर फट् झालं.

मी मान वर केली नाही. स्क्रू हातात होता, तो हरवला असता. बसल्या जागेवरून ओरडलो, "बळीराम, पुढचा फुटला गा. रिकामी गाडी आहे. आरामात जा."

माझ्यावर भरवसा ठेवून बळीराम आरामात गेला. बिडी विझवून कानावर ठेवली. मोठा जॅक घेतला, तो उचलवत नाही, ओढत न्यावा लागतो. त्याची लोखंडी चाकं डांबरावर खडखडत वळणाकडं गेली, ती मी ऐकली. माझा कान चांगला आहे, मला सगळं ऐकू येत होतं. मी आत इंदूला म्हटलं, चहा ठेव, ड्रायव्हर येईल. तिनं तिघांचा टाकला.

मग खडखड थांबली. बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं, नट गंजले असतील.

बळीराम पळत आला तेव्हा त्याच्या हातात जॅक नव्हता. त्याला नाव घेता येईना. नुसता म्हणत होता, "नागोभाऊ, चाला. नागोभाऊ, चाला."

यवतमाळच्या डॉक्टरांनी मला बाजूला बसवून सांगितलं, लवकर आणलं असतं तरी काही फरक पडला नसता. भला माणूस आहे. पण त्यानं बळीरामला तो जॅक ओढत नेताना पाहिलेलं नाही. किती हळू जातो तो.

बळीराम हे आजवर कोणापाशी बोललेला नाही. तुझ्यापाशी विषय बदलतो तो माझ्यासाठी बदलतो. इंदूला काय माहीत आहे ते मला माहीत नाही. तिनं कधी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती चहा टाकताना मला विचारत नाही, किती जणांचा. आपणच बाहेर येऊन मोजून जाते.

पहिल्या पत्रात मी ती बढाई का मारली, ते मलाही सांगता येणार नाही. लिहिताना हात जुन्या सवयीनं चालला. टेपचं टोक दुमडतो तसा.

मी येईन, सलील. धावपट्टीच्या कडेला उभा राहीन, हात खिशात घालून. येताना टेस्ट लॅम्प आणीन, तू बसायच्या आधी एकेक लाइन तपासीन, आणि त्या स्विचच्या दोन तारांमध्ये तिसरी दिसली तर चावी काढून घेऊन एसटीत बसेन. काकू पण येते म्हणते. सुचित्रावहिनींनाही घेऊन ये, दोघी एका जागी बसतील. जे काही ठरायचं ते स्विच ठरवील. त्याला माझ्यासारखं काही ऐकू येत नाही, त्याला दाब कळतो, आणि तो आरामात जा म्हणत नाही.

तुझ्या पत्रात तू लिहिलंस, त्या कानावर तुमचा सगळा हायवे चालतो, काका. चालत होता. बळीरामनं जॅक वळणावर सोडला होता, तो दुसऱ्या दिवशी जाऊन कोणीतरी उचलून आणला. त्याची वरची थाळी साफ होती, तो कुठल्याच गाडीखाली गेला नव्हता. त्या संध्याकाळी टायर कोणाचाच फुटला नव्हता.

अश्वजितचा बाबा,
नागोराव